मोडी वाचक, केमिस्ट, कोडर आणि वकील: अर्काइव्हिस्ट नेमके कोण होतात?

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जुन्या सरकारी कागदांमधून कुणबी नोंदी शोधायचं काम तिच्याकडे होतं. मग राज्यभरातल्या तहसील कचेऱ्या, जिल्हा परिषदेच्या शाळा, भूमी अभिलेख कार्यालयं आणि तुरुंगांमधली धूळ खात पडलेली दप्तरं बाहेर निघाली. शाळेची जनरल रजिस्टरं, कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमिनीचे कागद असं सगळं तपासलं जाऊ लागलं. १९६७ पूर्वीचा एखादा पुरावा म्हणजे अनेक कुटुंबांसाठी जातीच्या दाखल्याचा आधार होता.

तेव्हा एक जुनीच अडचण नव्याने समोर आली. यातले बरेच कागद मोडी लिपीत होते. मराठवाड्यात निजाम राजवटीचे कागद उर्दूत होते. ते वाचणार कोण? जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. पुढे ५० लाखांहून अधिक कुणबी नोंदी सापडल्याचं सरकारने सांगितलं. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द तर घराघरात पोहोचला.

या सगळ्या गदारोळात एक प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही. हे कागद इतकी वर्षं सांभाळणं, लावून ठेवणं आणि हवा तेव्हा नेमका कागद काढून देणं, हे काम कोणाचं? ते शिकायला कोण जातं? उत्तर वाटतं तितकं सरळ नाही, कारण या क्षेत्रात येणारी माणसं फार वेगवेगळ्या वाटांनी येतात.

अर्काइव्हिस्ट म्हणजे ग्रंथपाल नव्हे

अर्काइव्हला मराठीत अभिलेखागार किंवा पुराभिलेखागार म्हणतात. तिथे काम करणारा तो अर्काइव्हिस्ट, म्हणजे अभिलेखपाल. बऱ्याच जणांना हे ग्रंथपालासारखंच काम वाटतं. पण दोन्हींत मोठा फरक आहे.

लायब्ररीतलं पुस्तक छापील असतं. एक प्रत हरवली तर दुसरी मिळू शकते. अभिलेखागारातला कागद बहुतेक वेळा एकमेव असतो. शिवाय पुस्तक एकटं वाचता येतं, पण सरकारी कागदाचा अर्थ त्याच्या शेजारच्या कागदांवर अवलंबून असतो. कोणत्या खात्याने, कोणत्या प्रकरणात, कोणत्या क्रमाने तो ठेवला होता, हे कळलं नाही तर कागद मुका होतो. म्हणून कागद विषयवार वेगळे न काढता ते ज्या कार्यालयात तयार झाले त्याच्याच नावाखाली आणि शक्यतो मूळ क्रमाने ठेवायचे, हा या व्यवसायाचा पहिला नियम आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे गठ्ठे कापडात बांधलेले असतात. त्यांना 'रुमाल' म्हणतात. एका रुमालातला कागद दुसऱ्यात गेला तर तो जवळजवळ हरवल्यासारखाच.

दुसरं आणि जास्त अवघड काम म्हणजे निवड. सगळंच जपून ठेवणं शक्य नसतं. काय कायमचं ठेवायचं आणि काय नष्ट करायचं, हे कोणीतरी ठरवावं लागतं. आज फेकलेला कागद पन्नास वर्षांनी कोणाच्या उपयोगी पडला असता, याचा अंदाज आजच बांधायचा असतो.

हे शिकवतात कुठे?

भारतात यासाठीचं सर्वांत जुनं आणि महत्त्वाचं ठिकाण म्हणजे दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. ११ मार्च १८९१ ला कलकत्त्यात 'इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट' म्हणून त्याची सुरुवात झाली. त्याचे पहिले प्रमुख जी. डब्ल्यू. फॉरेस्ट हे त्याआधी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक होते. मुंबई सरकारच्या दप्तराचं कामही त्यांनी पाहिलं होतं. १९४० च्या दशकात या संस्थेने प्रशिक्षण सुरू केलं. तिथली 'स्कूल ऑफ आर्काइव्हल स्टडीज' आजही एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालवते. कागदांची दुरुस्ती, नोंदव्यवस्थापन अशा विषयांचे छोटे कोर्सही असतात.

या पदविकेसाठी पदव्युत्तर पदवी लागते. आधुनिक भारताच्या इतिहासाचा विद्यार्थी हा इथला नेहमीचा उमेदवार असला तरी विज्ञानाच्या पदव्युत्तरांसाठीही दार उघडं असतं. शिवाय सरकारी खाती आणि संस्था आपले कर्मचारी इथे शिकायला पाठवतात. त्यामुळे नुकतंच एमए झालेला विद्यार्थी आणि दहा-पंधरा वर्षं कार्यालयात फायली हाताळलेला कर्मचारी एकाच बाकावर बसू शकतात. एकाला कागदाचा इतिहास माहीत असतो आणि दुसऱ्याला फाइल कार्यालयात कशी फिरते, कुठे अडकते आणि कुठे गायब होते, हे माहीत असतं. या कामाला दोन्हींची गरज असते.

महाराष्ट्रात राज्य सरकारचं पुराभिलेख संचालनालय आहे. त्याची मुळं १८२१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रेकॉर्ड ऑफिसपर्यंत जातात. मुंबईच्या काळा घोडा भागातल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत त्याचं मुख्य दप्तर आहे. पुणे आणि कोल्हापूरलाही मोठे संग्रह आहेत. संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. पुण्यात १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळही ते घेतं. अशा वर्गांत इतिहासाचे विद्यार्थी असतात, तसे इंजिनिअर, वकील, शिक्षक आणि बँकेतून निवृत्त झालेले लोकही दिसतात. कोणी घरातल्या माळ्यावरच्या कागदांसाठी येतं, कोणी जमिनीच्या वादासाठी, तर कोणी निव्वळ आवडीपोटी.

एकाच कागदाला किती माणसं लागतात?

समजा, १८५० च्या सुमाराचा एक मोडी कागद अभिलेखागारात आला. त्याचं पुढे काय होतं ते पाहिलं, की इतक्या वेगवेगळ्या पार्श्वभूमीचे लोक का लागतात ते कळतं.

*पहिला, वाचणारा.* मोडी जोडून लिहिली जाते. शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. त्यामुळे नुसती अक्षरओळख पुरत नाही. त्या काळातल्या महसुलाचे, वजनमापांचे आणि हुद्द्यांचे शब्द माहीत असावे लागतात. फारसी शब्दांची रेलचेल असते. तारखा शुहूर सन, फसली किंवा शकात असतात. इथे इतिहास आणि भाषेचा विद्यार्थी लागतो.

*दुसरा, कागद समजणारा.* बोरूने लिहिलेल्या जुन्या कागदांची शाई बहुतेक काजळीची असते. ती सहसा उडत नाही, पण पाणी लागलं की पसरते. इंग्रजी काळातल्या अनेक कागदांवरची लोहयुक्त शाई आम्लधर्मी असते. ती हळूहळू कागदच खाऊन टाकते. दोन्हींवरचे उपाय वेगळे असतात. इथे रसायनशास्त्राचा पदवीधर कामाला येतो.

या शाखेत भारताचं नाव जगभर घेतलं गेलं. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या मध्याला एक पद्धत विकसित झाली. जीर्ण कागदावर सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा आणि टिश्यू ठेवून ॲसिटोनने हातानेच चिकटवायचं. महागडं यंत्र न लागणारी ही पद्धत अनेक देशांनी उचलली. याच संस्थेतले यशपाल कठपालिया यांनी युनेस्कोसाठी १९७३ मध्ये कागद-दुरुस्तीवरचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. पुढे ॲसिटेट स्वतःच कालांतराने खराब होतं, हे लक्षात आलं. आज शक्यतो जपानी टिश्यू आणि खळ वापरतात, कारण ती नंतर काढता येते. 'पुढच्या पिढीला पुसता येईल इतकीच दुरुस्ती करा', हा आजचा नियम अशाच अनुभवांतून पक्का झाला.

*तिसरा, शोधता येईल असं करणारा.* कागद वाचला, दुरुस्त केला, स्कॅनही केला. पण त्याचं वर्णन नीट लिहिलं नाही तर तो कोणालाच सापडणार नाही. स्कॅन केलेल्या हजार फोटोंची नावं नुसती क्रमांकाची असतील, तर तो डिजिटल माळाच होतो. इथे ग्रंथालयशास्त्र आणि कम्प्युटर शिकलेले लोक लागतात. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या पोर्टलवर घरबसल्या जुने कागद शोधता येतात, त्यामागे हेच काम आहे. मोडी आपोआप वाचणारी सॉफ्टवेअर तयार करण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. पण सॉफ्टवेअरला शिकवण्यासाठी आधी माणसाने अचूक वाचलेली हजारो पानं लागतात. म्हणजे कोडरचं काम मोडी वाचकाशिवाय अडतं.

*चौथा, कायदा जाणणारा.* कोणता कागद कोणाला दाखवायचा? त्यात एखाद्या जिवंत माणसाची खासगी माहिती असेल तर? १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा, महाराष्ट्राचा २००५ चा तसाच कायदा, माहिती अधिकार आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा असं सगळं एकत्र वाचावं लागतं. माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपले कागद सूचीबद्ध ठेवावेत असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ते किती ठिकाणी होतं, हे अर्ज करणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे.

पूर्वी कोण होते हे लोक?

हे मिश्रण नवीन नाही. महाराष्ट्रात कागद वाचवणारी पहिली पिढी पाहिली तर त्यात प्रशिक्षित अभिलेखपाल जवळपास नव्हतेच.

मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे संस्कृतचे शिक्षक होते. पटवर्धनांच्या दप्तरातले कागद त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह'मधून छापले. पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित करणारे गो. स. सरदेसाई यांनी नोकरी केली ती बडोद्याच्या गायकवाडांकडे. त्यांना या कामात साथ देणारे जदुनाथ सरकार मुळात इंग्रजी साहित्याचे एमए. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज दप्तरातून मराठ्यांच्या इतिहासाचे कागद बाहेर काढले. मराठी आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषा येत होत्या म्हणूनच ते शक्य झालं.

कागदाबाहेरही हेच दिसतं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे शिल्पकार पी. के. नायर यांना सिनेमा बनवायचा होता. प्रत्यक्षात त्यांनी आयुष्य सिनेमे वाचवण्यात घालवलं. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची उरलेली रिळं आज पाहता येतात, त्यात नायर यांचा मोठा वाटा आहे. याच पुण्यात २००३ मध्ये लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. फिल्म कोणत्या तापमानाला ठेवायची ही माहिती किती मोलाची असते, ते त्या दिवशी कळलं.

पार्श्वभूमीचा मुद्दा इतका महत्त्वाचा का?

इथे प्रश्न फक्त कौशल्याचा नाही. काय जपायचं हे माणूस ठरवतो आणि माणसाला दिसतं ते त्याच्या आयुष्यातून. म्हणून अभिलेखागारात कोण बसलंय, यावर पुढच्या पिढ्यांना कोणाचा इतिहास मिळेल हे काही प्रमाणात ठरतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचं उदाहरण घ्या. महाराष्ट्र सरकारने त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड १९७९ पासून प्रसिद्ध केले. या कामाला ज्यांनी वाहून घेतलं ते संपादक वसंत मून महसूल खात्यात अधिकारी होते आणि आंबेडकरी चळवळीतून आलेले होते. बाबासाहेबांचे अप्रकाशित कागद म्हणजे काय ऐवज आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

स्त्रियांच्या बाबतीतही तेच. मुंबईत १९८८ मध्ये 'स्पॅरो' ही संस्था सुरू झाली. तमिळ लेखिका सी. एस. लक्ष्मी, म्हणजेच 'अंबै', तिच्या संस्थापकांपैकी एक. स्त्रियांच्या मुलाखती, फोटो, पत्रं असा संग्रह तिथे आहे. सरकारी दप्तरात बाईचं नाव बहुधा विधवा, वारस किंवा आरोपी म्हणूनच येतं. तिचं स्वतःचं म्हणणं हवं असेल तर ते मुद्दाम गोळा करावं लागतं.

जात्यावरच्या ओव्यांचं काय? त्या तर कागदावर नव्हत्याच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या आणि इतर भागांतल्या गावांमध्ये फिरून त्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल या कम्प्युटर आणि संगीत दोन्ही जाणणाऱ्या अभ्यासकाने त्या ध्वनिमुद्रित करून नोंदींची रचना लावली. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह आज 'परी' या संकेतस्थळावर आहे. सामाजिक कार्यकर्ते, तंत्रज्ञ आणि गावातली बोली जाणणारे लिप्यंतरकार एकत्र आले नसते तर दळणाच्या गिरण्या आल्यावर त्या ओव्या म्हणणाऱ्या बायांबरोबरच संपल्या असत्या.

इतर देशांत काय चित्र आहे?

फ्रान्सने १८२१ मध्येच पॅरिसला 'एकोल दे शार्त' ही खास शाळा काढली. तिथे जुनी हस्ताक्षरं, लॅटिन आणि कागदपत्रांची चिकित्सा शिकवली जाते. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यापीठांत पदविका सुरू झाल्या. अमेरिकेत बरेच जण ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन त्यात अर्काइव्हचा विशेष अभ्यास करतात. काही जण इतिहासातून येतात. शिक्षक, पत्रकार, संग्रहालयातले कर्मचारी असे आधी दुसरं काम केलेले लोकही या वर्गांत असतात.

पण विषयांची विविधता म्हणजे समाजाची विविधता नव्हे. अमेरिकेतल्या अर्काइव्हिस्टच्या २०२१ च्या मोठ्या सर्वेक्षणात पाचपैकी चारहून अधिक जण श्वेतवर्णीय होते. महागडी पदवी, त्यानंतर कमी पगाराच्या किंवा विनावेतन इंटर्नशिप, हे ज्याच्या घरचं आर्थिक पाठबळ आहे त्यालाच परवडतं, ही टीका तिथे सतत होते.

भारतातही हा प्रश्न आहे, फक्त त्याचं रूप वेगळं आहे. मुख्य प्रशिक्षण दिल्लीत आहे. वर्षभर दिल्लीत राहण्याचा खर्च आणि इंग्रजीचा वावर, हे गडचिरोली किंवा नंदुरबारच्या मुलाला सोपं नाही. आणि गोंडी, भिली किंवा कोरकू बोलणारा अभिलेखपाल तयार झाला नाही, तर त्या भाषांतलं मौखिक साहित्य कोण नोंदवणार?

मग शिकून नोकरी मिळते का?

सरकारी अभिलेखागारं, रिझर्व्ह बँकेचं पुण्यातलं अर्काइव्ह, टाटा आणि गोदरेज समूहांची अर्काइव्ह, 'टीआयएफआर' किंवा बंगळूरच्या 'एनसीबीएस'सारख्या विज्ञान संस्था, संग्रहालयं, चित्रपट संस्था ही आजची प्रमुख ठिकाणं. २०१५ पासून 'फिल्म हेरिटेज फाउंडेशन' फिल्म जतनाच्या कार्यशाळा घेतं. क्षेत्र वाढतंय, पण पदं मोजकीच. त्यातली बरीच कामं ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांची असतात. स्कॅनिंगचं कंत्राट संपलं की माणूस बाहेर पडतो आणि त्याला त्या संग्रहाबद्दल जे कळलेलं असतं तेही त्याच्याबरोबर जातं.

दुसरीकडे गरज किती आहे? डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराच्या तेव्हाच्या महासंचालकांनी जाहीरपणे सांगितलं होतं, की केंद्राच्या १५१ मंत्रालयं आणि विभागांपैकी केवळ ३६ जणांचे कागद त्यांच्याकडे आले आहेत. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे किंवा हरित क्रांतीचे कागदही त्यांच्याकडे नव्हते. कायद्यानुसार २५ वर्षांनंतर कायमस्वरूपी महत्त्वाचे कागद अभिलेखागाराकडे जायला हवेत. १८९२ पूर्वीचा कागद, तो अगदीच निकामी झाल्याचा निर्वाळा असल्याशिवाय, नष्ट करता येत नाही. नियम मोडल्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. पण प्रत्येक खात्यात हे करून घेणारा प्रशिक्षित माणूस नसेल तर कायदा कपाटातच राहतो.

महाराष्ट्राने याची किंमत पाहिली आहे. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. माणसं दगावली आणि फायलींचे ढीगच्या ढीग जळाले. त्यानंतर कागद डिजिटल करण्यावर भर वाढला. पण डिजिटल म्हणजे सुरक्षित असं नाही. २५ वर्षांपूर्वीची फ्लॉपी आज किती जणांना उघडता येईल? मोडी वाचणारे संपत आले तशी जुन्या सॉफ्टवेअरच्या फायली उघडणारी माणसंही उद्या दुर्मीळ होतील.

थोडक्यात काय?

कुणबी नोंदींच्या शोधाने एक गोष्ट लखलखीतपणे दाखवली. जुना कागद हा फक्त इतिहासकाराचा विषय नाही. कोणाचं आरक्षण, कोणाची जमीन, कोणाचं पेन्शन, कोणाचं नागरिकत्व त्यावर अवलंबून असतं. अशा वेळी घाईघाईने जाणकार गोळा करता येतात. पण कागद आधीच नीट लावलेला आणि सुस्थितीत असेल तरच त्यांचा उपयोग.

त्यासाठी इतिहासाच्या एमएला रसायनशास्त्राची तोंडओळख हवी, कम्प्युटर इंजिनिअरला मोडीचा आदर हवा आणि कार्यालयातल्या अव्वल कारकुनालाही वर्गात जागा हवी. जिल्हा पातळीवर अशी पदं निर्माण झाली आणि मराठीतून हे शिक्षण मिळालं, तर पुढच्या वेळी एखादी समिती नेमली जाईल तेव्हा कागद कुठे आहे, हा पहिला प्रश्न उरणार नाही.